अंगभर दुखतं आणि रिपोर्ट नॉर्मल : फायब्रोमायल्जियाचं निदान आणि पहिले सहा महिने

मान, खांदे, कंबर, मांड्या, सगळंच दुखतं. आठ तास झोपूनही सकाळी अंग मोडून आल्यासारखं वाटतं. बोलता बोलता साधा शब्द आठवत नाही, गॅसवर ठेवलेलं दूध विसरायला होतं. आणि लॅबमधून आलेल्या कागदावर मात्र एकही आकडा वरखाली नसतो. असं तीन महिन्यांहून जास्त चाललं असेल, तर फायब्रोमायल्जियाचा विचार व्हायलाच हवा.

या आजारात रिपोर्ट नॉर्मल येणं म्हणजे 'तुम्हाला काही झालेलं नाही' असं नव्हे. रक्त, एक्स-रे, एमआरआय यांपैकी कशातच तो दिसत नाही. नीट विचारलेल्या प्रश्नांतून, अंगाला हात लावून केलेल्या तपासणीतून आणि तुम्ही ठेवलेल्या नोंदीतून तो सापडतो. म्हणून पहिली खरेदी गोळ्यांची करू नका, एका शंभर पानी वहीची करा. पुढच्या प्रत्येक पायरीला ती लागणार आहे.

बिघाड कुठे असतो

स्नायू खराब होत नाहीत, सांधे झिजत नाहीत. बिघाड असतो तो वेदनेची खबर मेंदूपर्यंत नेणाऱ्या यंत्रणेत. मज्जारज्जूतून वर जाताना संदेश वाढत जातात, आणि वेदना दाबून धरण्यासाठी मेंदूकडून खाली येणारे संदेश कमी पडतात. त्यामुळे घट्ट बांगडी, ब्लाउजची शिवण, खांद्यावरची पर्स, एसीचा थेट झोत अशा साध्या गोष्टीही दुखतात. इजेमुळे होणारी वेदना आणि नस बिघडल्यामुळे होणारी वेदना, या दोन्हींपेक्षा हा वेगळा तिसरा प्रकार आहे, हे आंतरराष्ट्रीय वेदना अभ्यास संघटनेने २०१७ मध्ये मान्य केलं. 'मनाचे खेळ आहेत' म्हणणाऱ्याला एवढं सांगितलं तरी पुरे.

हा आजार बायकांमध्ये जास्त आढळतो. पुरुषांनाही होतो, पण त्यांच्या बाबतीत तो लक्षातच घेतला जात नाही. मग वर्षानुवर्षं 'मणक्यात गॅप आहे' एवढ्यावरच उपचार चालू राहतात.

पायरी १ : दोन आठवड्यांची वही

रोज दोनच नोंदी करा, सकाळी उठल्यावर आणि रात्री झोपण्याआधी. प्रत्येकी दोन मिनिटं. सकाळी लिहा : किती वाजता झोप लागली, किती वेळा जाग आली, उठल्यावर किती ताजंतवानं वाटलं (० ते १०). रात्री लिहा : दिवसभराचं सरासरी दुखणं (० ते १०), कुठे कुठे दुखलं, दिवसातलं सर्वात जड काम कोणतं, कोणती गोळी किती मिलिग्रॅमची घेतली. पाळी चालू असेल तर तो दिवसही टिपून ठेवा.

जड काम लिहिताना 'घरकाम' किंवा 'ऑफिस' असं मोघम लिहू नका. 'दीड तास उभं राहून स्वयंपाक', 'लोकलमध्ये पाऊण तास उभं', 'चार तास खुर्चीतून न उठता' असं लिहा. दुखणं अनेकदा त्याच दिवशी न वाढता दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाढतं, आणि कामाची नोंद नेमकी असेल तरच हा संबंध डोळ्यांपुढे येतो.

इथे दोन चुका हमखास होतात. एक, फक्त वाईट दिवसांची नोंद करणं. बरा गेलेला दिवसही लिहा, कारण त्या दिवशी उत्साहात केलेल्या कामातच पुढच्या वाईट दिवसाचं कारण दडलेलं असतं. दुसरी, तासातासाला नोंद करणं. त्याने लक्ष सतत दुखण्याकडे राहतं आणि त्रास वाढतो. दोनदा म्हणजे दोनदाच.

पायरी २ : स्वतःचे गुण मोजा

पूर्वी शरीरावरच्या १८ ठरावीक बिंदूंवर अंगठ्याने दाबून पाहत आणि ११ बिंदू दुखले तर निदान करत. १९९० सालची ही पद्धत अजूनही काही ठिकाणी चालते. पण २०१० मध्ये निकष बदलले आणि २०१६ मध्ये त्यांत सुधारणा झाली. नवी पद्धत घरी करून पाहता येते. तिच्यातून निदान होत नाही, पण डॉक्टरांपुढे मांडायला ठोस आकडा हाती येतो.

आधी गेल्या सात दिवसांत कुठे कुठे दुखलं ते मोजा. एकूण जागा १९ आहेत. डाव्या आणि उजव्या बाजूला प्रत्येकी सात : जबडा, खांदा, दंड, कोपराखालचा हात, कुल्ला, मांडी, पोटरी. उरलेल्या पाच मधल्या : मान, पाठीचा वरचा भाग, कंबर, छाती, पोट. प्रत्येक दुखऱ्या जागेला एक गुण.

मग लक्षणांचे गुण. थकवा, झोपून उठल्यावरही ताजं न वाटणं, आणि विसराळूपणा किंवा लक्ष न लागणं, या तिन्हींना प्रत्येकी ० ते ३ द्या : नाहीच तर ०, थोडं आणि अधूनमधून तर १, बऱ्यापैकी आणि वारंवार तर २, सतत आणि जगणं अवघड करणारं तर ३. याशिवाय गेल्या सहा महिन्यांत डोकेदुखी, ओटीपोटात दुखणं किंवा मुरडा, आणि नैराश्य यांपैकी जे झालं असेल त्याचा प्रत्येकी एक गुण. ही बेरीज जास्तीत जास्त १२ होते.

जागांचे गुण ७ किंवा जास्त आणि लक्षणांचे ५ किंवा जास्त, अथवा जागांचे ४ ते ६ आणि लक्षणांचे ९ किंवा जास्त असले, तर निकष जुळतात. सोबत आणखी दोन अटी. दुखणं पाचपैकी निदान चार भागांत हवं : डावा वरचा, उजवा वरचा, डावा खालचा, उजवा खालचा आणि मधला. या मोजणीत जबडा, छाती आणि पोट धरायचं नाही. आणि हे सगळं तीन महिने तरी टिकलेलं हवं.

२०१६ च्या निकषांतलं एक वाक्य फार मोलाचं आहे : दुसरा आजार असला म्हणून फायब्रोमायल्जियाचं निदान रद्द होत नाही. ऱ्हुमॅटॉइड संधिवात, मधुमेह, थायरॉइड यांच्या जोडीनेही तो असू शकतो. 'सगळं नाकारून झाल्यावर उरलं ते फायब्रो' ही समजूत चुकीची आहे.

पायरी ३ : आधी धोक्याच्या खुणा पाहा

पुढचं काही असेल तर वही पूर्ण होण्याची वाट पाहू नका.

- सांधा डोळ्यांना दिसेल इतका सुजलाय, किंवा सकाळचा ताठरपणा तासाभराहून जास्त टिकतो आणि हालचालीने कमी होतो.
- ताप, रात्री घाम, कारण नसताना वजन घटणं.
- जमिनीवरून उठता न येणं, जिना चढता न येणं. दुखतं म्हणून नव्हे, ताकदच नाही म्हणून.
- गालांवर लाल चट्टा, वारंवार तोंड येणं, थंडीत बोटं पांढरी-निळी पडणं.
- वय पन्नाशीपुढे आणि नव्याने सुरू झालेली डोकेदुखी, चावताना जबडा दुखणं किंवा दृष्टी अंधुक होणं.
- लघवी-शौचावरचा ताबा जाणं, मांडीच्या आतल्या बाजूला बधिरपणा. याला त्याच दिवशी इस्पितळ.

पायरी ४ : कोणाकडे जायचं, काय बोलायचं

सुरुवात फॅमिली डॉक्टर किंवा एमडी मेडिसिन यांच्याकडे करावी. शंका राहिली किंवा सांधे सुजत असले तर ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट, म्हणजे संधिवाततज्ज्ञ. हाडांच्या डॉक्टरांकडे सगळ्यात आधी गेलं तर बहुतेकदा मणक्याचे फोटो निघतात, फोटोत वयानुसार होणारे बदल दिसतात आणि गाडी तिकडेच वळते. संधिवाततज्ज्ञ प्रामुख्याने मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, छत्रपती संभाजीनगर अशा मोठ्या शहरांत आहेत. गावाहून जायचं असेल तर आधी सरकारच्या ई-संजीवनी या ऑनलाइन सेवेवर डॉक्टरांचा मोफत सल्ला घेता येतो. जिल्हा रुग्णालयातली मेडिसिनची ओपीडी आणि तिथून वैद्यकीय महाविद्यालयाची चिठ्ठी हाही सरळ मार्ग आहे. अनेक मोठ्या रुग्णालयांत भूलतज्ज्ञ चालवत असलेली पेन क्लिनिक असते, औषधांची गुंतागुंत झाली तर तिचा उपयोग होतो.

ओपीडीत मिळणारा वेळ थोडा असतो, म्हणून बोलण्याचा क्रम ठरवून जा. पहिलं वाक्य असं : 'सात महिन्यांपासून शरीराच्या दोन्ही बाजूंना, कमरेच्या वर आणि खाली दुखतंय, झोपून उठलं तरी थकवा जात नाही, ही दोन आठवड्यांची नोंद आणि हे गुण.' एकच जागा धरून 'खांदा दुखतो' असं सुरू केलं तर उपचारही खांद्यापुरताच होतो. मग थेट विचारा : 'हा फायब्रोमायल्जिया असू शकतो का?' असं विचारण्यात डॉक्टरांचा अवमान काही नाही.

सोबत न्या : वही, आधीचे सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून, चालू गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या. नावं पाठ नसतात आणि पट्टीवर मिलिग्रॅमही असतं. आयुर्वेदिक, होमिओपॅथीची औषधं आणि जिममधली पावडरही सांगा. कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन चालू असेल तर आवर्जून सांगा, कारण त्यानेही स्नायू दुखतात.

पायरी ५ : तपासण्या, मोजक्या आणि कामाच्या

तपासण्या फायब्रोमायल्जिया शोधण्यासाठी नसतात. त्याच्यासारखं दुखणं देणारे आणि सहज बरे होणारे दुसरे आजार सुटू नयेत म्हणून असतात. आपल्याकडे चार गोष्टी फार आढळतात : थायरॉइड मंदावणं, रक्तात लोह कमी असणं, बी-१२ ची कमतरता (शाकाहारी घरांत विशेष) आणि डी जीवनसत्त्वाची कमतरता. चिकनगुनिया होऊन गेल्यावरही सांधे महिनोन्‌महिने दुखू शकतात, म्हणून त्या तापाची तारीख आठवून ठेवा.

पहिल्या फेरीत साधारण एवढं पुरतं : सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), ईएसआर आणि सीआरपी (शरीरातली सूज), टीएसएच (थायरॉइड), साखर किंवा एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर), क्रिएटिनिन (किडनी), एसजीपीटी (यकृत), कॅल्शियम, अल्कलाइन फॉस्फेटेज (हाडं आणि यकृत), डी जीवनसत्त्व, बी-१२, फेरिटिन (लोहाचा साठा). अशक्तपणा असेल किंवा स्टॅटिन चालू असेल तर सीपीके (स्नायूंना इजा झाली का ते पाहणारी तपासणी). केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर लॅबला आणि डॉक्टरांना सांगा. बायोटिनमुळे टीएसएचचा आकडा चुकीचा येऊ शकतो, म्हणून दोन-तीन दिवस आधी ते थांबवायला सांगतात.

लॅबचं 'आर्थरायटिस पॅकेज' मात्र स्वतःहून करू नका. त्यात आरए फॅक्टर, एएसओ, युरिक अॅसिड असतं. आरए फॅक्टर (ऱ्हुमॅटॉइड संधिवातासाठी) आणि एएनए (ल्युपससारख्या, रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याच्या आजारांसाठी) या तपासण्या निरोगी माणसांतही पॉझिटिव्ह येतात. सांध्याला सूज नाही, चट्टा नाही, तरी एएनए केली आणि ती किंचित पॉझिटिव्ह आली, की 'ल्युपस आहे का' या भीतीत पुढचं वर्ष जातं. युरिक अॅसिड जरा वाढलेलं असलं म्हणून अंगभर दुखत नाही. नस दबल्याची खूण नसेल तर पूर्ण मणक्याचा एमआरआयही नको.

डी जीवनसत्त्व कमी निघालं तर ६०,००० युनिटची पुडी किंवा कॅप्सूल आठवड्यातून एकदा, साधारण आठ आठवडे देतात, मग महिन्यातून एकदा. गडबड इथे होते : चिठ्ठी संपल्यावरही लोक वर्षभर दर आठवड्याला ती घेत राहतात. त्याने रक्तातलं कॅल्शियम वाढून मळमळ, बद्धकोष्ठता, मूतखडा होऊ शकतो. लोहाची गोळी चहाबरोबर घेतली तर अंगी लागत नाही, दोन्हींत तासा-दोन तासांचं अंतर ठेवा. कमतरता भरून निघाल्यावर तीन महिन्यांत दुखणं गेलं, तर उत्तमच. नाही गेलं, तर फायब्रोमायल्जियाचे उपचार त्यासाठी रखडवू नका. दोन्ही एकदमच सुरू करता येतात.

पायरी ६ : हालचाल, मोजून

युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने या आजाराच्या उपचारांबद्दल केलेल्या शिफारशींत ठामपणे सुचवलेला उपाय एकच आहे : व्यायाम. गोळ्यांना तिथे 'उपयोग होऊ शकतो' एवढंच स्थान आहे. तरीही 'व्यायाम करा' हा सल्ला बहुतेकांना जाचक वाटतो, कारण कुठून आणि किती हे कोणी सांगत नाही. पहिल्याच दिवशी अर्धा तास चालायचं, दोन दिवस अंथरुणात काढायचे, आणि 'मला व्यायाम मानवत नाही' असं ठरवून टाकायचं, असं फार जणांचं होतं. दोष व्यायामाचा नसतो, मात्रेचा असतो.

तुमची मात्रा अशी काढा. तीन वेगवेगळ्या दिवशी सपाट रस्त्यावर चाला आणि दुखणं वाढू लागलं असं जाणवताच घड्याळ पाहा. समजा १२, ८ आणि १० मिनिटं आली. सरासरी १०. तिच्या निम्म्याने, म्हणजे पाच मिनिटांनी सुरुवात करा, दिवसातून दोनदा. बरं वाटलं तरी पहिला आठवडा पाचच. मग दर आठवड्याला एक मिनिट वाढवा. चालताना बोलता आलं पाहिजे, दम लागून वाक्य तुटत असेल तर वेग कमी करा.

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत दुखणं थोडं वाढतं. त्याने काही बिघडत नाही, फक्त किती वाढतं ते वहीत पाहा. दुसऱ्या दिवशी सकाळचा आकडा नेहमीपेक्षा दोनहून जास्त चढला आणि दिवसभर उतरलाच नाही, तर मागच्या आठवड्याच्या मिनिटांवर या. पूर्ण थांबू नका. उलट, बरा दिवस आला म्हणून दुप्पटही चालू नका. फरक जाणवायला सहा ते बारा आठवडे लागतात. पाच-सहा महिन्यांत आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास चालता आलं, तर फार छान.

वेळ निवडताना सकाळच्या ताठरपणातला पहिला तास टाळा. गरम पाण्याने अंघोळ झाल्यावर किंवा संध्याकाळी अंग मोकळं असतं. पावसाळ्यात इमारतीच्या पॅसेजमध्ये किंवा घरातल्या घरात फेऱ्या मारल्या तरी चालतात, मिनिटं महत्त्वाची. एप्रिल-मेमध्ये विदर्भ-मराठवाड्यात उन्हं चढायच्या आत किंवा सूर्य मावळल्यावर चाला. पोहण्याचा तलाव जवळ असेल तर छातीएवढ्या पाण्यात नुसतं चालणंही सांध्यांवर भार न टाकता होतं, फक्त पाणी फार गार नको.

चालणं चार-सहा आठवडे जमलं की ताकदीचा व्यायाम जोडा, आठवड्यातून दोन दिवस, मध्ये दोन दिवसांची सुट्टी ठेवून. खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं पाच वेळा, भिंतीला हात टेकून दंड पाच वेळा, अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली हातात घेऊन कोपर वाकवणं पाच वेळा. दोन आठवड्यांनी पाचाचे सात.

योगासनं चालतील, पण शिक्षकांना आजार सांगून. पहिल्या दिवशी बारा सूर्यनमस्कार नकोत, आणि कोणी पाठीवर दाब देऊन पुढे वाकवायला लागलं तर नाही म्हणा. ताण जाणवेल तिथे थांबायचं, कळ येईपर्यंत जायचं नाही. ताई ची या संथ चिनी व्यायामाचा बोस्टनमध्ये २२६ रुग्णांवर अभ्यास झाला होता. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत तो एरोबिक व्यायामाइतकाच किंवा त्याहून सरस ठरला. संथ, सलग, श्वासाबरोबरची हालचाल या आजाराला मानवते, मग नाव काहीही असो.

पायरी ७ : झोप

कॅनडात १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी माणसांची गाढ झोप मुद्दाम मोडली, तेव्हा काही दिवसांतच त्यांचं अंग दुखू लागलं. झोप सुधारली तर दुखणंही उतरतं, म्हणून तिच्याकडे औषधाइतकंच लक्ष हवं.

झोपायची नव्हे, उठायची वेळ आधी पक्की करा. रविवारीही तीच. दुपारची डुलकी २० मिनिटांची आणि तीनच्या आत. दुपारी तीननंतर चहा-कॉफी बंद. आपल्याकडे हेच सगळ्यात अवघड जातं, तेव्हा चारचा चहा एकदम सोडण्याऐवजी आधी कप अर्धा करा. अंथरुणात २० मिनिटं झोप आली नाही तर उठून मंद उजेडात बसा, डोळे जड झाले की परत या. मोबाइल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला.

घोरणं, झोपेत श्वास अडकणं, दिवसा बसल्या जागी पेंग येणं असेल तर झोपेची तपासणी करून घ्या. स्लीप अॅप्नियाचा उपचार न करता फायब्रोमायल्जियाची औषधं वाढवत नेणं व्यर्थ आहे. रात्री पाय सारखे हलवावेसे वाटत असतील तर फेरिटिनचा आकडा डॉक्टरांना पुन्हा दाखवा.

पायरी ८ : कामाचे तुकडे

बरा दिवस आला की साठलेली सगळी कामं उरकायची आणि मग तीन दिवस पडून राहायचं, हे चक्र या आजाराला सर्वात जास्त खतपाणी घालतं. उपाय साधा पण चिवट आहे : दुखायला लागल्यावर थांबायचं नाही, त्याआधीच थांबायचं. मोबाइलवर २० मिनिटांचा गजर लावा. वाजला की काम अर्धवट असलं तरी पाच मिनिटं बसा.

स्वयंपाकघरात एक उंच स्टूल आणा. पोळ्या ओट्यापाशी उभं राहून न लाटता जेवणाच्या टेबलावर बसून लाटा. कणीक घरातल्या दुसऱ्या कोणीतरी मळावी किंवा फूड प्रोसेसरमध्ये. बादली अर्धीच भरा. पाच लिटरचा भरलेला कुकर उचलण्याऐवजी डाळ-भात तीन लिटरच्या कुकरमध्ये लावा. भाजी निवडण्याचं काम दुपारी बसून, चिरण्याचं वेगळ्या वेळी. दिवाळीचा फराळ एका दिवशी एकच पदार्थ आणि पाहुणे यायच्या आदल्या दिवशी काहीच नाही. गणपतीत आणि लग्नसराईत दुखणं उसळतं ते याच दिवसांत सगळं एकदम होतं म्हणून, तेव्हा त्या आठवड्याचं वेळापत्रक आधीच कागदावर मांडा आणि घरच्यांना दाखवा.

ऑफिसमध्ये दर ४० मिनिटांनी उठून दोन मिनिटं चाला. स्क्रीन डोळ्यांच्या पातळीवर, एसीचा झोत मानेवर नको. विस्मरणासाठी एकच यादी ठेवा आणि ती एकाच जागी.

पायरी ९ : गोळ्या

डोस डॉक्टरच ठरवतील, पण काय दिलंय आणि का, हे तुम्हाला माहीत हवं. कोणतंही औषध सगळ्यांना लागू पडत नाही. आठ-दहा आठवडे योग्य डोस घेऊनही फरक नसेल तर ते कमी करत बंद करायला सांगणं हा तुमचा हक्क आहे.

अॅमिट्रिप्टिलीन : झोपण्याच्या एक-दोन तास आधी, ५ किंवा १० मिलिग्रॅमपासून. झोप आणि दुखणं दोन्हींसाठी. हे नैराश्याचं जुनं औषध आहे, पण इथला डोस त्याच्या कितीतरी खाली असतो. तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठता होते, सकाळी जडपणा राहतो. सकाळी फार जड वाटलं तर गोळी बंद न करता ती आणखी लवकर, साडेआठ-नऊला घेण्याबद्दल विचारा. काचबिंदू, प्रोस्टेट, हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असेल तर आधी सांगा.

ड्युलॉक्सेटिन : २० किंवा ३० मिलिग्रॅमपासून, पुढे बहुधा ६०. पहिले आठ-दहा दिवस मळमळते, म्हणून भरल्या पोटी. बरेच जण याच दिवसांत सोडून देतात आणि मग 'लागू पडलं नाही' म्हणतात. रक्तदाब मोजत राहा. अचानक बंद केलं तर चक्कर, चिडचिड, डोक्यात झटके बसल्यासारखं होतं.

प्रीगॅबालिन : रात्री २५ ते ७५ मिलिग्रॅमपासून. गुंगी, चक्कर, पायांवर सूज, वजन वाढणं. सुरुवातीचे दिवस दुचाकी चालवू नका. किडनीचा विकार असेल तर डोस कमी लागतो. हेही एकदम सोडायचं नाही. आपल्याकडे ते अनेकदा मिथाइलकोबालामिन (बी-१२ चाच प्रकार) किंवा नॉरट्रिप्टिलीन (अॅमिट्रिप्टिलीनच्याच जातीचं औषध) यांच्याबरोबर एकाच गोळीत येतं. पट्टीवरची सगळी नावं वाचा, नाहीतर एकच घटक दोन गोळ्यांतून पोटात जातो. बी-१२ कमी नसेल तर बी-१२ च्या इंजेक्शनांनी फायब्रोमायल्जिया बरा होत नाही.

डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामकांचा या दुखण्यावर फारसा उपयोग नाही, कारण इथे सूज नसते. रोज घेत राहिलं तर जठर आणि किडनीला इजा मात्र होते. स्टेरॉइडची तर या आजारात जागाच नाही. 'वातावरची पुडी' घेतली आणि दोन दिवसांत चमत्कार झाल्यासारखं वाटलं, तर सावध व्हा. अशा बिनलेबलच्या पुड्यांत स्टेरॉइडची भेसळ सापडलेली आहे. चेहरा सुजतो, साखर वाढते. महिनोन्‌महिने घेतली असेल तर एकदम बंदही करू नका, पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा.

ट्रॅमाडॉल कधीतरी आणि थोडे दिवस देतात. ते २०१८ पासून अमली पदार्थविषयक कायद्याखाली आहे. ड्युलॉक्सेटिन किंवा अॅमिट्रिप्टिलीन चालू असताना जुन्या पट्टीतली ट्रॅमाडॉलची गोळी स्वतःच्या मनाने घेणं धोक्याचं आहे : घाम, कापरं, धडधड, गोंधळ अशी गंभीर रिअॅक्शन येऊ शकते. गर्भ राहण्याची शक्यता असेल तर कोणतीही गोळी सुरू करण्याआधी बोला.

जेनेरिक गोळ्या जनऔषधी केंद्रात बऱ्याच स्वस्त मिळतात. परदेशी जाताना मात्र जपून. प्रीगॅबालिन ब्रिटनमध्ये २०१९ पासून नियंत्रित औषध आहे, आणि आखाती देशांत ते आणि ट्रॅमाडॉल नेण्याआधी तिथल्या आरोग्य खात्याची परवानगी पाहावी लागते. परदेशात राहणाऱ्या मुलीला इथून कुरिअरने गोळ्या पाठवण्याचा विचार सोडा, तिने तिथल्या डॉक्टरांना चिठ्ठी दाखवावी.

मन, आहार, मालिश

कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी, म्हणजे विचार आणि सवयी बदलण्याचं शास्त्रशुद्ध समुपदेशन, याचा उपयोग होतो. मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवलं म्हणजे दुखणं खोटं ठरवलं असं नाही. जगणं नकोसं वाटत असेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर कधीही फोन करा, मराठीत बोलता येतं.

फायब्रोमायल्जियाचा असा खास आहार नाही. वजन आटोक्यात ठेवा, प्रथिनं पुरेशी घ्या. एकदम दहा पदार्थ बंद करू नका. तेलाची हलकी मालिश, शेक, कोमट पाण्याची अंघोळ यांनी आराम पडत असेल तर जरूर करा. 'नस मोकळी करतो' म्हणून जोरात दाबणाऱ्याकडे जाऊ नका, या आजारात त्या दाबानेच दुखणं भडकतं.

दुखणं उसळलं तर

जागरण, प्रवास, ताप, भांडण, पावसाळी कुंद हवा, कशानेही उसळतं. बऱ्या दिवशीच वहीच्या शेवटच्या पानावर योजना लिहून ठेवा : कोणती कामं त्या दिवशी सोडायची, कोणाला फोन करायचा, शेकाची पिशवी कुठे आहे, डॉक्टरांनी ठरवून दिलेली जास्तीची गोळी कोणती. चालणं निम्मं करा, शून्य नको. दिवसभर पडून राहिलं की अंग आणखी आखडतं. आठवड्यात उतरलं नाही, किंवा दुखण्याची जात नेहमीपेक्षा वेगळी वाटली, तर पुन्हा डॉक्टर. प्रत्येक नवं दुखणं फायब्रोच्या खात्यात टाकू नका. छातीत दुखून घाम आला तर ते आधी हृदयाचंच समजायचं.

घर, नोकरी, कागदपत्रं

घरच्यांना एकदा सोबत ओपीडीत न्या. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेलं पटतं. मदत मागताना 'कोणी काही करत नाही' न म्हणता 'बादली आणि कणीक तुमच्याकडे' असं सांगा.

अपंगत्व हक्क कायदा, २०१६ च्या २१ प्रकारांच्या यादीत फायब्रोमायल्जियाचं नाव नाही. त्या नावावर प्रमाणपत्र मिळवून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. नोकरीत मात्र डॉक्टरांच्या पत्रावर पटणाऱ्या गोष्टी मागता येतात : उभ्याच्या कामात बसायची सोय, गर्दीची वेळ टाळून येणं, घरून काम. पत्रात नुसतं आजाराचं नाव नको. 'सलग ४० मिनिटांहून जास्त उभं राहणं टाळावं' असं नेमकं लिहून घ्या. मेडिक्लेम बहुधा ओपीडीचा खर्च देत नाही, पॉलिसीत ओपीडीचं कलम आहे का ते वाचा.

तीन महिन्यांनी पुन्हा गुण मोजा, पहिल्या पानाशेजारी लिहा आणि वही घेऊन डॉक्टरांकडे जा. दुखण्याचा आकडा सातवरून पाचवर आला, चालणं पाच मिनिटांवरून पंधरावर गेलं, रात्रीची जाग चारवरून दोनवर आली, तर उपचार लागू पडतोय. गोळी तीच ठेवायची की कमी करायची, हे तेव्हा विचारा. आकडे जागचे हलले नसतील तर आधी झोपेची पानं पाहा, मग चालण्याची मिनिटं, आणि गोळी बदलण्याचा विषय त्यानंतर.